लष्कर मोहल्ल्यातला घरमालकाचा कोट

म्हैसूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या मिरजेत पहिला प्रश्न येतो, "साडी आणली का?" आणि दुसरा, "मैसूरपाक कुठाय?" साडी आणली नाही. मैसूरपाक आणला होता, पण गाडीत समोरच्या बाकावर तीन भावंडं होती आणि माझा हात आधीपासूनच सैल, त्यामुळे डबा रिकामा घरी आला. तिसरी एक गोष्ट मात्र घेऊन आले आणि ती दोन महिने झाले मला पचत नाहीये. न केलेल्या कामाचं कौतुक. ते माझ्या पदरात कसं पडलं हे सांगायचं तर बारा दिवसांची हकिगत सांगावी लागेल. तेवढा वेळ काढा.

मी तीस वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला. राजाचा झगा, हवालदाराचा गणवेश, वकिलाचा डगला, सगळं माझ्या ट्रंकांमध्ये. नटांची पोटं सुटली की शिवण सोडायची, प्रेमात पडून वाळले की टाके घालायचे. आता निवृत्त आहे, म्हणजे कोणी बोलावलं की लगेच जाते. या वेळी बोलावलं ते एका छोट्या संस्थेनं. पोटासाठी गाव सोडून परमुलखात राहायला गेलेले जे कलाकार आहेत, त्यांना तिथल्या लोकांना बरोबर घेऊन नाटक करता यावं म्हणून ही मंडळी धडपडतात. एखादा अनुभवी माणूस काही दिवस त्या कलाकाराच्या सोबतीला पाठवतात. "तुम्ही फक्त शालूच्या पाठीशी उभ्या राहा," असं मला सांगण्यात आलं. पाठीशी उभं राहणं मला आयुष्यात जमलेलं नाही, मी पुढे पुढे करणारी बाई आहे. पण हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

लष्कर मोहल्ला

पत्ता होता, 'लष्कर मोहल्ला, टेलरचं दुकान'. हा पत्ता लिहिणाऱ्याला एकदा तिथे नेऊन सोडायला हवं. रिक्षावाल्यानं मला ज्या गल्लीत उतरवलं तिथे उजवीकडे टेलर, डावीकडे टेलर, मध्ये बटणांचं दुकान आणि त्याच्या वरच्या माळ्यावर पुन्हा टेलर. मी बॅग ओढत एकेका दुकानात डोकावत गेले. तिसऱ्या दुकानात मी तोंड उघडायच्या आत एका माणसानं माझ्या खांद्यावर टेप टाकलासुद्धा. चौथ्या दुकानातून मात्र हाक आली.

"या बाई, या! रस्ता सापडला न जी?"

ही शालू. उंच, सावळी, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा हातगाडीवाला वळून बघतो. मूळची विदर्भातली, पार वडशाकडची. तिकडे दिवाळीनंतर गावोगाव नाटकांचा हंगाम असतो, आणि अख्खं गाव पाहुण्यारावळ्यांसकट मांडवात बसतं. शालूनं दहा हंगाम कामं केली. मग नवऱ्याला म्हैसूरजवळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती त्याच्यामागून इकडे आली. चार वर्षं झाली, या दुकानात बसून ती शर्टांना काजं करते आणि बटणं लावते. ही बाई नटी आहे हे दुकानाच्या मालकांना समजलं ते मी यायच्या महिनाभर आधी.

मालक म्हणजे पांडुरंगराव. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. सत्तरी ओलांडलेली, कपाळाला बुक्का, गळ्यात टेप. हे विठ्ठलभक्त शिंप्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं की मला दर चौथ्या शब्दाला अडखळायला व्हायचं.

"बसा मॅडम. स्वल्प कॉफी घ्या," अण्णा म्हणाले. "मिरज म्हणजे आमचंच गाव की हो, अल्वा?"

स्वल्प म्हणजे थोडी, आणि अल्वा म्हणजे 'हो ना?'. हे दोन शब्द आले की अर्धं म्हैसूर जिंकता येतं. कॉफी मात्र खरोखरच स्वल्प होती. आमच्याकडे पाहुण्याला एवढ्याशा पेल्यात चहा दिला तर तो पुन्हा दारात पाऊल ठेवणार नाही. पण तो पेला संपवला आणि मी तो पुन्हा पुढे केला, कारण तशी कॉफी मी जन्मात प्यायले नव्हते.

दुकानाच्या दुसऱ्या अंगाला अण्णांची धाकटी बहीण रुक्मक्का बायकांचे ब्लाउज शिवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे ती बोलत नाही, नुसती मान हलवते. पहिले दहा दिवस तर मला तिचा आवाज कसा आहे हेही माहीत नव्हतं.

शालूचं नाटक छोटं होतं. एक बाई बोचकं घेऊन नव्या गावात येते, दार वाजवते, खोली मागते. घरमालक नाही म्हणतो. शालूच बाई, आणि काळा कोट अंगात चढवला की शालूच घरमालक. इथवर वीस मिनिटं. मग ती थांबते आणि लोकांना म्हणते, पुढचं नाटक मी लिहिलेलं नाही, ते तुमच्यापाशी आहे. या, पदर खोचा आणि माझ्या जागी दार वाजवा, नाहीतर हा कोट घाला आणि घरमालक व्हा. पुढे काय होतं ते दाखवा. कोणी उठलं तर नाटक पुढे जातं. कोणी उठलं नाही तर ते त्या बंद दारापाशीच संपतं.

तो कोट मी शिवून नेला होता. काळं कापड, मखमली कॉलर, आणि पाठीत वेल्क्रो, म्हणजे हडकुळ्या माणसापासून ढेरपोट्यापर्यंत कोणालाही बसावा. मला माझ्या त्या युक्तीचा भारी अभिमान होता. मी तो मोठ्या थाटात अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी कोट बाहेरून पाहिलाच नाही. तो उलटा केला आणि आत हात घालून चाचपला.

"हे कोण शिवलं?"

"मी."

"आत कॅनव्हास नाही." म्हणजे कोटाचा आकार धरून ठेवणारं आतलं ताठ कापड.

"अण्णा, नाटकातला कोट आहे. वीस फुटांवरून बघायचा असतो."

"पन जो घालतो तो वीस फूट लांब नसतो, अल्वा?" अण्णांनी शांतपणे विचारलं आणि कोटाची घडी घालून मला परत दिली. माझ्या कानशिलांपर्यंत गरम वाफा गेल्या. तीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं.

गोकुलम

पहिला प्रयोग गोकुलममध्ये, शनिवारी सकाळी. या भागात योग शिकायला जगभरची माणसं येऊन राहतात. सकाळी रस्त्यावर काखेत चटई आणि हातात शहाळं घेतलेली गोरी माणसं दिसतात, आणि इडलीच्या गाडीवरची बाई त्यांना कानडीत दटावते, तेही त्यांना समजतं. एका घराच्या अंगणात आम्हाला जागा मिळाली होती. समोर वीस-पंचवीस विद्यार्थी मांडी घालून बसले, इतके ताठ की मलाच माझ्या पाठीची लाज वाटली. मांडी घालायला आमच्यापेक्षा त्यांनाच छान येतं.

शालूनं शेवटी आवाहन केलं आणि काय सांगू, पाच जण एकदम उठले. एका उंच तरुणानं कोट घातला, शालूला मिठी मारली आणि अख्खं घर तिच्या नावानं करून टाकलं. एक बाई रडली. मग सगळ्यांनी डोळे मिटून शालूसाठी दीर्घ श्वास घेतले. मी तर खूश होऊन टाळ्याच वाजवायला लागले.

शालू खूश नव्हती. फाटकाशी पहारेकरी, शहाळेवाला आणि इडलीवाली उभी राहून सगळं बघत होती, हसत होती. त्यांच्यातलं कोणी आत आलं नव्हतं.

नंतर आम्ही डोसा खायला गेलो. आत लाल चटणी लावलेला, वर लोण्याचा गोळा. सांबारात गूळ होता, आणि आमच्या घरची आमटी आठवून माझा जीव सुखावला. मी दुसरा डोसा मागवला तरी शालूचा पहिलाच तसाच होता.

"त्यानं मले घर देलं," ती म्हणाली, "पण त्यायचंच घर इथं नाई न बाई. ते सहा महिन्यानं जातीन. मले इथं राहाचं हाय."

मी तिचा डोसाही खाल्ला.

नजरबाद

दुसऱ्याच दिवशी नजरबादला. राजवाड्याजवळचा जुना भाग, सरकारी कचेऱ्या, मोठमोठी झाडं. इथली मराठी कुटुंबंही पिढ्यान् पिढ्यांची. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात शिकवणारं. त्यांनी गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, आधी केसरीभात आणि उप्पीट दिलं, मन लावून नाटक पाहिलं. फोन एकाचाही वाजला नाही. आमच्या नाट्यगृहातल्या प्रेक्षकांना इथे शिकवणीला पाठवायला हवं.

शालूनं हात पुढे करून म्हटलं, "या, आता तुमी या."

आल्या त्या सूचना. निवृत्त प्राध्यापकांनी भाडेकराराबद्दल दहा मिनिटं सांगितलं. एका बाईंच्या मते मध्यंतरापूर्वी एक गाणं हवं होतं, नाटकात मध्यंतर नव्हतं तरीही. एक गृहस्थ 'आय वुड सजेस्ट' म्हणून सुरू झाले ते कानडीतून फिरून पुन्हा इंग्रजीत आले. सगळं खुर्चीत बसून. एक विशीतली मुलगी तेवढी शालूपाशी येऊन म्हणाली, "खूप छान होतं आंटी. मला यायचं होतं. बट उठायला शाय वाटलं." बिचारीनं शालूचा हात मात्र बराच वेळ धरून ठेवला.

परत येताना रिक्षात शालू मांडीवरच्या कोटाच्या कॉलरीवर बोट फिरवत राहिली. तिचा आवाज गेला की रिक्षा रिकामी वाटते.

चामुंडीच्या पायऱ्या

मंगळवारी तिनं मला चामुंडी टेकडी चढायला नेलं. पायऱ्या हजाराच्या वर आहेत, हे तिनं मला शंभराव्या पायरीपर्यंत सांगितलं नाही. पुढे दोन बायका प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत वाकत, उठत चालल्या होत्या, आणि त्याही आमच्या पुढेच राहिल्या. नंदीपाशी पोचलो तेव्हा माझे गुडघे माझ्याशी बोलत नव्हते. भल्यामोठ्या दगडी नंदीच्या सावलीत बसलो. खाली सगळं म्हैसूर पसरलेलं, तळी, झाडं, मधूनच राजवाड्याचे घुमट.

तिथे शालूनं मला तिच्या पेटीबद्दल सांगितलं. पत्र्याची पेटी. आत चेहऱ्याला लावायचे रंग, घुंगरू, गंगावन, दहा हंगामांतले तीन-चार फोटो. चार वर्षं ती पेटी खोलीत पलंगाखाली आहे, आणि नवरा दर दिवाळीला विचारतो की हिला माळ्यावर टाकू का, पाय अडकतो.

"मी ठरवलं हाय," ती म्हणाली. तिच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, ऐकायला फार गोड वाटतं. "रविवारी लष्कर मोहल्ल्यात करतो. ज्या लोकायमंदी मी रोज बसतो त्यायच्यासमोर. एक माणूस जरी आपल्या मनानं उठला तं मी नाटक सोडत नाई. नाई उठला तं पेटी माळ्यावर. मंग मी काजंच करतो."

मी म्हटलं ना, पाठीशी उभं राहणं मला जमत नाही. मी लगेच योजना मांडली. नाटकवाल्यांना काही हे नवीन नाही. एखादा माणूस प्रेक्षकांत आधीच पेरून ठेवायचा. तो उठला की बाकीचे उठतात. तो बटणवाला चांगला वाटतो, मी त्याच्याशी बोलते.

शालू एकदम सरळ बसली. "नाई बाई. पेरलेला माणूस नको. माह्या मनाले काय सांगू मंग? माणूस पेराचा नाई. या नंदीसमोर शपथ घ्या."

मी नंदीवर हात ठेवून शपथ घेतली. उतरताना तिनं मला रसबाळी केळी घेऊन दिली, छोटी, मधासारखी. माझं डोकं मात्र त्या रविवारात होतं. अण्णांनी मला आधीच सांगितलं होतं, "आमच्यात मधे कोण उठत नाही मॅडम. भजनात बसलं की बसलं. उठणं म्हणजे अपमान." म्हणजे ही मंडळी आदरानं बसून राहणार आणि त्या आदरापायी पेटी माळ्यावर जाणार.

शुक्रवार, दुपार

शुक्रवारी अण्णा पुन्हा त्या कोटावर आले.

"मॅडम, तो कोट स्वल्प मला द्या. बाह्या खोलून नीट बसवतो. मुंढ्यात चुण्या येतायत."

मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती जागा. तिथल्या चुण्या मलाही दिसत होत्या. पण मागच्या आठ दिवसांचा तो 'वीस फूट' मी विसरले नव्हते.

"नको. माझा कोट मी बघते," असं म्हणून मी कोट बगलेत मारला आणि शालूच्या खोलीवर जाऊन बसले. दोन्ही बाह्या उसवल्या. पुन्हा दुहेरी शिलाई घालून बसवल्या. खांद्यात पॅड घातले. हात चालत होता आणि तोंडानं मी अण्णांशी भांडत होते, ते तिथे नसताना. आम्ही कपडेपटवाले काय गाढवं आहोत का, तुमच्या त्या कॅनव्हासनं नाटक चालतं का, वगैरे. रागाच्या भरात इस्त्रीही करून टाकली. कोणाच्या अंगावर घालून बघितला का? नाही. झोकात खुंटीला टांगला आणि चहा टाकला.

शिवणकाम करणाऱ्यांना इथेच घाम फुटला असेल.

रविवार

विठ्ठलाच्या देवळामागे शिंपी मंडळींचा हॉल आहे. सकाळी अकराला सत्तरएक माणसं जमली. बायकांच्या डोक्यात मोगरा, पुरुष स्वच्छ पांढऱ्या शर्टांत, आणि प्रत्येक शर्ट असा बसलेला की मी माझा पदर दोनदा सारखा केला. अण्णा पहिल्या रांगेत. रुक्मक्का तिसऱ्या रांगेत, सवयीनं ओठांत टाचण्या.

शालू सुरेख करत होती. रोज काजं करणारी ही बाई एवढी मोठी आहे, हे तिथल्या लोकांच्या चेहऱ्यांवर हळूहळू उमटत होतं. मग तिनं घरमालकाचा कोट चढवला. तिचे दोन्ही हात मागे वळलेले दिसत होते. कोटाच्या बाहीला पुढच्या बाजूला बाक असतो. मी डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली होती. तीस वर्षांच्या अनुभवानिशी.

शालूनं निभावून नेलं. दार बंद झालं. ती पुढे आली, अंगात कोट तसाच, आणि म्हणाली, "पुढचं तुमच्यापाशी हाय. या." मग तेच कानडीत.

कोणी उठलं नाही.

तिनं दुसऱ्यांदा बोलावलं. वर पंखा कुरकुरत होता. माणसं प्रेमानं बघत होती, डोळे भरून बघत होती, आणि कोणी हलत नव्हतं. मी माझे दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले, नंदीची शपथ होती. शालूनं तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी तिचा तो गल्लीभर आवाज मला जेमतेम ऐकू आला. मग तिनं हात जोडले आणि ती वळली.

"निल्लिसी!"

म्हणजे थांबा. तिसऱ्या रांगेतून. रुक्मक्का उभी होती. तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या.

"त्या कोटाला बाही उलटी लागलीय," ती म्हणाली. "डावी उजवीकडे. मगापासून बघते. मला सोसत नाही."

हॉल हसला. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. रुक्मक्का रांगेतून वाट काढत थेट मंचावर गेली. कमरेला लावलेली कात्री काढली. कोट उतरवायला गेली तर माझ्या त्या थोर वेल्क्रोत शालूची वेणी अडकलेली, निघेना. "असू दे. अंगावरच शिवते," म्हणून तिनं दोऱ्याचा एक तुकडा तोडला आणि शालूच्या दातांत दिला.

ही रीत आमच्याकडेही आहे. अंगावरचा कपडा शिवायचा झाला तर घालणाऱ्यानं दातांत दोरा धरायचा आणि शिवून होईपर्यंत बोलायचं नाही. माझी आईही धरायला लावायची. म्हणजे आता शालू मुकी, आणि रुक्मक्का, जी दहा दिवस बोलली नव्हती, ती बोलायला लागली. बाह्या उसवता उसवता, त्या कोटाशीच, मधूनमधून कानडी 'मत्ते', म्हणजे 'आणि मग', म्हणत.

"तू घरमालक, अल्वा? मग आता गप्प ऐक. लग्न होऊन मी या मोहल्ल्यात आले. तेव्हा अण्णाचंही दुकान इथं नव्हतं. मी, आमचे हे, मत्ते एक मशीन. खोली मागायला दारोदार फिरलो. एक म्हटला, माणसं चालतील, मशीन नको. दिवसभर टकटक होते. अरे, मशीन नको तर आमी काय खावं?" आणि तिनं बाही अशी हिसडली की शालू हलली.

"रुक्मा, तो असं नव्हता म्हटला," अण्णांचा आवाज. "मी होतो तुझ्याबरोबर. तो गोड बोलला. कॉफी दिला, बसवला, मत्ते नाही म्हटला. तेच जास्त लागलं."

"मग तूच करून दाखव."

अण्णा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, पण उठले. मंचावर जाऊन बघतात तर कोट शालूच्या अंगात. तेव्हा त्यांनी उसवलेली एक बाही उचलली आणि नुसती आपल्या हातात चढवली. एका बाहीचे घरमालक. आणि काय गोड बोलले हो ते! कॉफी विचारली, गाव विचारलं, विठ्ठलाचं नाव घेतलं, आणि शेवटी इतक्या नम्रपणे नाही म्हणाले की मला त्यांना दोन द्याव्यात असं वाटलं. एक काकू खालूनच ओरडल्या आणि मग राहवेना म्हणून वर आल्या, पदर खोचून दार वाजवायला. बटणवाला आला, खुर्चीत बसून मशीन झाला, पाय चालवून टकटक करायला लागला. आणखी दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून मशीन झाल्या. कोणी भांडलं, कोणी विनवलं. अण्णा हलेनात, गोड हसून नाहीच म्हणत राहिले.

मग रुक्मक्का सुई शालूच्या कोटाच्या खांद्यात तशीच टोचून ठेवून दारापाशी आली. काही मागितलं नाही, विनवलं नाही. अण्णांचा तो बाहीतला हात धरला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "ही उलटी लागलीय. उजव्या हातात डावी."

अण्णांनी बाहीकडे पाहिलं. मुंढ्याच्या कडेवर अंगठा फिरवला. त्यांच्यातला घरमालक आणि त्यांच्यातला शिंपी यांची आत काय झटापट झाली असेल ते पांडुरंगालाच माहीत. शेवटी शिंपी जिंकला. ते बाजूला झाले आणि दार उघडल्यासारखा हात केला.

"आत ये," ते म्हणाले. "मशीन घेऊन ये."

टाळ्यांनी हॉल दणाणला. आणि मध्ये शालू उभी, एका बाहीचा कोट अंगात, दातांत दोरा. तो तिनं सोडला नाही. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, ते पुसायलाही हात हलवला नाही, कारण खांद्यात सुई होती. मी तीस वर्षं विंगेतून मोठमोठी कामं पाहिली. त्या दिवशी मी मोठ्यानं रडले, आणि शेजारच्या बाईनं मला आपल्या पदराचं टोक दिलं.

स्टेशन

सोमवारी दुपारी शालू आणि रुक्मक्का मला गाडीत बसवून द्यायला आल्या. बॅग वर टाकायला हात उचलला आणि टर्रकन आवाज झाला. माझ्या ब्लाउजची बाही काखेत उसवली. माझ्याच हातची शिवण. रुक्मक्कानं तोंडातल्या तोंडात हसून सुई काढली, मला खिडकीशी बसवलं, माझ्या दातांत दोरा दिला आणि शिवायला लागली.

शालू बाहेर, खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

"पेटी आणली बाई. अण्णायच्या दुकानात ठेवली, कटिंगच्या टेबलाखाली. त्यायनंच म्हटलं. पुढच्या महिन्यात बटणवाल्यायच्या गल्लीत कराचं हाय, रुक्मक्का येते." मग ती गजांच्या अगदी जवळ आली, आणि तिच्या मानानं हळू आवाजात म्हणाली, "आणि मले समजलं बरं. तुमी मुद्दाम केलं न? शिंप्यायच्या गावात उलटी बाही! माणूस पेरू नका म्हटलं तं तुमी बाही पेरली!"

मी जोरजोरात मान हलवली. "हलू नका," रुक्मक्का म्हणाली. मी डोळ्यांनी नाही नाही म्हटलं. शालू हसत होती, डोळे पुसत होती. "असू द्या. तुमच्यासारखं डोकं पाह्यजे." गाडी हलली, रुक्मक्कानं दोरा दातांनी तोडला आणि चपळाईनं उतरली. मी दोरा थुंकेपर्यंत फलाट मागे गेला होता.

घरी पोचल्यावर फोन केला. सगळं खरं सांगितलं. शालू खळखळून हसली आणि म्हणाली, "मोठे लोक असेच बोलतेत." त्यानंतर तीनदा सांगून पाहिलं. दर वेळी माझा मोठेपणा तिच्या लेखी थोडा आणखी वाढतो. आता तर ती हे बाकीच्या कलाकारांनाही सांगते म्हणे.

म्हणून हे लिहून काढलं. शालू, बोललेलं तू ऐकत नाहीस, तर हे वाच. मी काहीही पेरलं नव्हतं. माझं डोकं फिरलं होतं, हात चुकला, एवढंच. रुक्मक्का आपल्या मनानं उठली.